बायकांच्या बाजूचा सिनेमा

मायनं डाव्या हातानं जेवायला साफ नकार दिला, तेव्हा मला तो सिनेमा आठवला.

माय म्हणजे माझी आई. पोळ्यानंतर एका सकाळी चुलीपुढून उठता उठता तिच्या अंगावरून वारं गेलं. डॉक्टर त्याला पक्षाघात म्हणतात. गावाकडून तिला अंबाजोगाईला आणलं, मोठ्या दवाखान्यात ठेवलं, जीव वाचला. वाचा परत आली, जरा जड, पण आली. पाय हळूहळू टेकायला लागला. उजवा हात मात्र गेला तो गेलाच. मांडीवर ठेवला की मांडीवर, उशीवर ठेवला की उशीवर. डॉक्टरांनी सांगितलं, आता डाव्या हाताला कामाला लावा. जेवण, पाणी, वेणीफणी, सगळं त्याच हातानं. मी तिला माझ्या घरी आणलं आणि पहिल्याच दिवशी ताट तिच्या डाव्या हाताशी सरकवलं. तिनं माझ्याकडं असं पाहिलं, जसं काही मी तिला ताटात पाय बुडवायला सांगितलं होतं.

"त्या हातानं घास? मरेस्तोर न्हाई."

"मग मी भरवू?"

"भरव."

मी भरवायला लागले आणि पंचाईत तिथंच सुरू झाली. उभा जन्म दुसऱ्यांच्या ताटात वाढण्यात गेलेली बाई. तिला कुणी भरवलेलं सोसेना. दोन घास झाले की म्हणायची, "पोट भरलं, जा तू, शाळंला उशीर हुईल." कापूस वेचून आल्यावर दीड दीड भाकरी खाणाऱ्या बाईचं पोट दोन घासांत भरतं यावर मी काय विश्वास ठेवणार? पण तोंड मिटलं की मिटलं. मी मुळात तापट. माझा आवाज चढला की शेजारचा वर्गसुद्धा गप्प बसतो, असं आमच्या शाळेत म्हणतात. मी तिला समजावलं, दटावलं, भांडी आपटली. तिच्यावर ढिम्म परिणाम झाला नाही. माझा हट्टीपणा कुणावर गेलाय हे मात्र पुन्हा एकदा कळलं. दिवाळीपर्यंत तिच्या पोलक्याच्या बाह्या दंडावर सैल हलायला लागल्या, आणि मी खरोखर घाबरले. आजारातून वाचलेली माय अशी उपाशी राहून हातची जाणार, असं मला दिसायला लागलं.

यातली गंमत अशी, की मी स्वतः डावरी आहे. डावखुरी हा पुस्तकातला शब्द. आमच्याकडं डावरी म्हणतात आणि म्हणताना नाक मुरडतात. डाव्या हातानं दिलेलं कुणी घ्यायचं नाही, डाव्या हातानं वाढलेलं कुणी खायचं नाही. लहानपणी माझ्याकडून कुणी काही मागितलं की माझा आधी डावाच हात पुढं व्हायचा आणि त्यावर लगेच एक चापट बसायची. अभ्यासाला बसवताना माय जुन्या लुगड्याची चिंधी माझ्या डाव्या पंजावर गुंडाळायची आणि मनगटाशी गाठ मारायची. गाठ घट्ट असायची. तिचंही काही चुकत नव्हतं. पोरगी डावरी निघाली तर लोक पोरीला नाही, तिच्या आईला बोल लावतात. जेवायला तिनं मला उजव्या हातानं असं पक्कं शिकवलं की आजही मी उजव्याच हातानं जेवते. लिहिणं मात्र उजव्या हाताला काही केल्या येईना. शाळेत गुरुजींच्या पट्टीनं बोटांची हाडं शेकून निघायची. आबा, म्हणजे माझे वडील, फारसं बोलायचे नाहीत, पण त्यांचं एक वाक्य ठरलेलं होतं: "पोरगी डावरी हाय म्हणून बोभाटा झाला, तर सोयरीक कोण करंल?"

मी आठवीत होते तेव्हा तो सिनेमा आला.

आमचं गाव उमापूरच्या अलीकडं. गावात उरूस भरायचा. पाळणे, रेवड्या, बांगड्यांची दुकानं, आणि सगळ्यात शेवटी, ओढ्याच्या अंगाला, सिनेमाचा तंबू. तंबूच्या मधोमध पडदा बांधलेला असायचा. यंत्राच्या बाजूला पुरुष बसायचे आणि पडद्यापलीकडं बायका आणि पोरी. ही पाठीमागची बाजू आहे असं आम्हाला कधी वाटलंच नाही. पडदा आमच्या पुढ्यात होता, म्हणजे आम्ही पुढं, असा साधा हिशोब. पडदा म्हणजे पातळ पांढरं कापड. ते ओलं असलं की उजेड आरपार येतो, म्हणून तंबूवाला चाचा कपाशीवर औषध मारायचा पंप पाठीला लावून मधूनमधून पडद्यावर पाणी उडवायचा. पडदा सुकला की चित्र अंधुक व्हायचं आणि बायका ओरडायच्या, "चाचा, पानी मारा, हिरो वाळून चालला."

सिनेमाचं नाव मी सांगत नाही. सांगितलं तरी कुणाला आठवायचं नाही. शहरात तो आठवडाभरही चालला नसेल. पण त्या वर्षी आमच्या गावच्या पोरींना त्यानं पार वेडं केलं होतं. डोंगरावरचं थंड हवेचं गाव, तिथलं कॉलेज, श्रीमंताची मुलगी आणि घड्याळं दुरुस्त करणाऱ्याचा मुलगा. आधी भांडण, मग प्रेम, मग पळून जाणं, मग बापांचा पाठलाग, आणि शेवटी सगळ्यांची गळाभेट. आम्हाला त्यात काही म्हणजे काही खोटं वाटलं नव्हतं. ज्यांनी आयुष्यात फळ्यासमोर उभं राहून गुरुजींचा मारच खाल्ला होता, त्या पोरींना ते कॉलेज स्वर्गच वाटलं.

त्यात एक प्रसंग होता. मुलं वर्गात मुलींची टिंगल करतात. सगळ्या मुली खाली माना घालून बसतात. ही एकटी उठते, वेणी पाठीवर टाकते, फळ्यापाशी जाते, खडू उचलते आणि भराभर काहीतरी लिहिते. वर्ग चिडीचूप होतो. तिनं काय लिहिलं ते मला वाचता आलं नाही. इंग्रजी आम्हाला पाचवीपासून होतं, एबीसीडी येत होती, पण ही अक्षरं काही वेगळीच होती. बाजूला बसलेल्या माझ्या मैत्रिणीनं सांगितलं की कॉलेजात जोडून लिहायचं इंग्रजी असतं, ते हेच. मला पटलं. तिनं एखादी कविता लिहिली असणार, असं मी मनाशी धरलं.

पण अक्षर गेलं खड्ड्यात. मी तिचा हात बघत होते. ती डाव्या हातानं लिहीत होती.

सगळ्या वर्गासमोर, एवढ्या मोठ्या कॉलेजात, एवढी देखणी मुलगी, डाव्या हातानं. आणि कुणी तिला मारलं नाही. मी शेजारी बसलेल्या मायकडं वळून काहीतरी बोलले, एवढं आठवतं. काय बोलले ते आठवत नाही.

दुसऱ्या दिवशी मी अभ्यासाला बसले आणि सवयीनं हात पुढं केला. मायनं चिंधी गुंडाळलीच नाही. म्हणाली, "लिव तुला यील त्या हातानं." आबा ओसरीवर बसले होते, त्यांनी ऐकलं. म्हणाले, हे काय नवीन? माय म्हणाली, "त्या सिनेमातली पोरगी एवढी शिकल्याली, डाव्याच हातानं लिवती. तिची सोयरीक अडली का?"

आबा जरा गोंधळले. त्यांनीही तोच सिनेमा बघितला होता, पुरुषांच्या बाजूनं. म्हणाले, "डाव्या कुठं? मला तर उजव्या हातानं लिवताना दिसली."

"तुमचं ध्यान तिच्या हाताकडं व्हतं का?" माय म्हणाली.

आबा चप्पल पायात सरकवून शेताकडं निघून गेले, आणि तो विषय आमच्या घरात कायमचा मिटला. गुरुजींकडं माय स्वतः गेली. तिथं काय बोलली ते मला माहीत नाही, पण नंतर पट्टी बसली नाही. मी डाव्या हातानं लिहायला लागले, पहिल्या पाचात यायला लागले, अंबाजोगाईला शिकायला आले, बी. एड. झाले. आजवरची सगळी नोकरी मी फळ्यावर डाव्या हातानं लिहून केली. सोयरीकही झाली, बरी झाली. हे सगळं त्या पडद्यावरच्या पोरीनं केलं असं मी मानत आले होते. वर्गात एखादी डावरी मुलगी दिसली की मी तिला त्या सिनेमाची गोष्ट सांगायचे. नाव अर्धवट विसरलेलं, पण प्रसंग तिखटमीठ लावून.

तर दिवाळीच्या सुट्टीत मी ठरवलं की तो सिनेमा शोधायचा आणि मायला दाखवायचा. ज्या सिनेमानं तिचं मन एकदा वळवलं होतं, तो पुन्हा एकदा वळवेल, असा माझा मास्तरणीचा डाव. गाण्याच्या अर्ध्यामुर्ध्या ओळीवरून मोबाईलवर शोधत बसले. ओळ मला चुकीची पाठ होती, तरी सापडला. रंग उडालेला, मधेमधे खरखर, कोपऱ्यात कुठल्याशा चॅनलचा शिक्का. टीव्हीला जोडला, मायच्या पाठीला लोड दिला, आणि दुपारी आम्ही दोघी बघायला बसलो.

काय सांगू? ज्या हिरोसाठी मी आठवीत उशी भिजवली होती, तो कॉलेजच्या पहिल्या वर्षाचा मुलगा म्हणे; चांगला दोन लेकरांचा बाप शोभत होता. स्वेटर एवढा घट्ट की श्वास कसा घेत असेल कोण जाणे. हिरॉईनचा बाप घरात, झोपताना, जेवताना, सगळीकडं तोच लाल झगा घालून पाईप ओढत फिरतो. घड्याळवाल्याच्या दुकानात एकाही घड्याळात एक वेळ नाही. मी हसत होते आणि तरी पहिलं गाणं सुरू झाल्यावर माझे पाय आपोआप हलायला लागले. शब्द न शब्द ओठांवर आले. ती मुलगी पायऱ्या उतरून येते तिथं मी सावरून बसले, जशी काही ती आमच्याच घरी येत होती. एखाद्या माणसावर जीव असला की त्याचं ध्यानसुद्धा गोड लागतं, तसं झालं माझं.

एक गोष्ट मात्र खटकत होती. तो जिना मला उजव्या बाजूला आठवत होता, इथं डावीकडं निघाला. हिरो सायकलवरून येतो तोही भलत्याच बाजूनं. म्हटलं, असेल, एवढ्या वर्षांची आठवण, इकडचं तिकडं होणारच.

मग तो वर्ग आला. मुलांनी टिंगल केली. ती उठली, वेणी मागं टाकली. मी मायला म्हटलं, "आता बघ हं." तिनं खडू उचलला आणि लिहायला लागली.

उजव्या हातानं.

फळ्यावरचं मला आता घडाघडा वाचता आलं. कविता वगैरे काही नव्हती. "सगळी मुलं गाढव आहेत," असं सरळ साध्या इंग्रजीत लिहिलं होतं, तेही स्पेलिंगची चूक करून.

मी चित्र थांबवलं. खडू धरलेला तो उजवा हात तसाच टीव्हीवर राहिला. तेव्हा तंबूत पडदा मध्ये, यंत्र पलीकडं, आम्ही अलीकडं. आरशात दिसतं तसं सगळं उलटं. शाळेतल्या मुलींना मी आरशाचा धडा किती वेळा शिकवला असेल, आणि स्वतःच्या बाबतीत ही एवढीशी गोष्ट कधी ध्यानात आली नव्हती. मला हसू यायला हवं होतं. पण मला एकदम एकटं वाटलं. एवढी वर्षं जी माझ्यासारखी होती, ती माझ्यासारखी नव्हतीच. आणि दुसरं, मायला काय दाखवायचं आता? माझा सगळा डावच फसला होता. मी बंद करायला उठले.

"कावून थांबिवलंस?" माय म्हणाली.

"माय, ती उजव्या हातानं लिहिते."

"मंग? उजव्याच हातानं लिवत व्हती ती."

मी परत बसले. "तुला तेव्हा ठाऊक होतं?"

"बाईमाणसाला पदर कळत न्हाई व्हय गं? समद्या बायांचा पदर उलट्या खांद्यावर. तिच्या मायचा उलटा, आत्याचा उलटा, भांडेवालीचा सुदिक उलटा. आमच्या बाया म्हणल्या, मारवाडी असतील. म्हणलं, भांडेवाली बी मारवाडी?" बोलताना तिला धाप लागत होती, पण सांगायची खुमखुमी होती. "त्या शेजारच्या नव्या वहिनीला वाटलं, मुंबईची फ्याशन हाय. गेवराईला लग्नाला गेलती तसाच उलटा पदर घिऊन. सासूनं मांडवातनं हाताला धरून माघारी आणली."

एवढी गंमत सांगूनही मला हसू आलं नाही. "मग आबांशी खोटं बोललीस?"

"खोटं कशाचं? आमच्या बाजूनं ती डावरीच व्हती."

"पण तुला माहीत असून चिंधी का सोडलीस?"

तिनं डाव्या हातानं मांडीवरचा उजवा हात उचलून नीट ठेवला. मग म्हणाली, "तुला याद न्हाई? तू माझ्याकडं वळलीस अन म्हणलीस, हिची माय हिचा हात बांधत न्हाई वाटतं."

मला खरंच आठवत नव्हतं.

"फुडचा सिनेमा मी बघितलाच न्हाई," माय म्हणाली. "लावलाच हायेस तर लाव आता. शेवट काय झाला ते तरी कळंल."

आम्ही शेवटपर्यंत बघितला. बापांनी गळाभेट घेतली, हिरोनं हिरॉईनला उचललं, माय म्हणाली, "एवढ्यासाठी एवढी पळापळ?" मी स्वयंपाकघरात जाऊन हमसून हमसून रडले. ज्या पोरीला मी एवढी वर्षं माझी सोबतीण मानत होते, ती कुणी नव्हतीच. माझी सोबतीण त्या तंबूत माझ्या शेजारी, लुगड्याच्या ओच्यात शेंगा घेऊन बसली होती.

जेवायची वेळ झाली होती. मी आमटीत भाकरी कुस्करली, तिची निराळी, माझी निराळी, आणि दोन ताटं घेऊन तिच्यासमोर खाली बसले. आता हिला समजावून सांगावं, तू माझी चिंधी सोडलीस तशी तुझीही सोड, असं काहीतरी, हे माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. पण मास्तरणीचं बोलणं तिच्यापुढं चालत नाही हे दिवाळीपर्यंत सिद्ध झालेलं होतं. मी काही बोलले नाही. तिला भरवायलाही हात पुढं केला नाही. माझा डावा हात माझ्या ताटात घातला आणि घास उचलला.

जन्मात पहिल्यांदा. मायच्या डोळ्यांदेखत.

"हे गं काय?" ती म्हणाली.

"जेवते."

आणि फजिती अशी झाली, की घास धरताच येईना. हा हात लिहायला तयार, फळ्यावर झरझर चालणारा, पण त्याला जेवायचं वळण लावलंच नव्हतं कुणी. आमटी बोटांतून गळून मनगटावर आली, तिथून कोपरावर, अर्धा घास साडीवर. तोंडात गेलं ते जेमतेम बोटभर. मायचं तोंड एका बाजूनं वाकडं झालेलं आहे, त्या वाकड्या तोंडानं ती हसायला लागली. दवाखान्यातून आल्यावर पहिल्यांदा.

"एवढी डावरी म्हणून मिरवलीस," ती म्हणाली, "अन घास धरता यीना."

"तू शिकवलं नाहीस."

"आता हे बी मीच शिकवायचं?"

"मग कोण?"

ती माझ्या साडीवरच्या डागाकडं बघत राहिली. सांडलेलं अन्न तिला आयुष्यात कधी बघवलं नाही. जीभ टाळ्याला लावून तिनं चक्‌ केलं, आणि तिचा डावा हात तिच्या ताटाकडं आला. तिनं कुस्करा कडेला ओढला, दाबून आमटी निथळू दिली, चार बोटांवर घेतला.

"असं. पैलं निथळू द्यायचं. मंग आंगठ्यानं ढकलायचं. तोंड ताटावर आणायचं, हात तोंडापाशी न्यायचा न्हाई."

आणि आंगठ्यानं ढकलून तिनं तो घास तोंडात घेतला. चावला. गिळला. मी चेहऱ्यावर काही दिसू दिलं नाही.

"कळलं का? कर आता तू."

मी कुस्करा कडेला ओढला, निथळू दिला, चार बोटांवर घेतला. तिनं सांगितलेली युक्ती अगदी बरोबर होती. या वेळी घास नीट बसला होता, सरळ तोंडात गेला असता. मी बोटं जराशी सैल सोडली आणि तो ताटात पाडला.

"कसली गं तू मास्तरीण," माय म्हणाली. "हिकडं बघ पुन्यांदा." आणि तिनं दुसरा घास घेतला.